गुळाचा रवा उचलला तर किती ज्यूल? कार्य आणि ऊर्जेचा हिशेब, पहिल्यापासून

नववीच्या चार पोरांना घेऊन मी एकदा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गेलो होतो. गुळाचे सौदे संपत आले होते आणि एक हमाल मामा ३० किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, खांद्यावर घेऊन ट्रककडे निघाले होते. आमच्यातल्या एकाचा धडा नुकताच पाठ झालेला. तो फटकन म्हणाला, "मामा, तुम्ही आत्ता शून्य कार्य करताय." मामा थांबले. "शून्य? मग ये की, तू घे खांद्यावर. मी तुझं पुस्तक धरतो."

पोरगं लाजलं, पण चुकलं नव्हतं. मामाही चुकले नव्हते. दोघं दोन वेगळ्या वह्यांमधला हिशेब बोलत होते. हा विषय समजायला अवघड जातो तो बहुतेक इथंच. खालचा लेख नववी ते अकरावीच्या मुलांसाठी आहे, आणि मुलांचा अभ्यास घेताना घाम फुटणाऱ्या पालकांसाठीही. वही, कॅल्क्युलेटर आणि ९.८ हा एक आकडा (पृथ्वीचं गुरुत्व त्वरण), एवढ्यावर भागेल.

पायरी १: "काम" विसरा, "कार्य" धरा

रोजच्या बोलण्यात काम म्हणजे कष्ट. भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे एक गुणाकार: वस्तूवर लावलेलं बल गुणिले त्या बलाच्या दिशेनं वस्तू जितकी सरकली ते अंतर. बल न्यूटनमध्ये, अंतर मीटरमध्ये, उत्तर ज्यूलमध्ये.

ही व्याख्या अशी कोरडी का? कारण ती जन्मली यंत्रांच्या हिशेबासाठी. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये खाणींतलं पाणी उपसायला वाफेची इंजिनं आली, तेव्हा मालकाला एवढंच जाणून घ्यायचं होतं की इतक्या कोळशात किती पाणी किती खोलीवरून वर आलं. पुढं १८२९ मध्ये कोरिओलिस या फ्रेंच अभ्यासकानं या गुणाकाराला "कार्य" हे नाव पक्कं केलं. आपल्याकडं बैल विहिरीतून ओढायचे त्या मोटेचा हिशेब याहून वेगळा नव्हता. विहीर किती परस खोल आणि मोट किती मोठी, दोन्ही बघूनच बैलांची जोडी ठरायची. बैल किती दमले हा प्रश्न महत्त्वाचा खरा, पण तो दुसऱ्या वहीतला.

आता रव्याकडे या. ३० किलोच्या रव्याचं वजन, म्हणजे पृथ्वी त्याला खाली ओढते ते बल, ३० × ९.८ = २९४ न्यूटन. तो जमिनीवरून १.४ मीटर उंच खांद्यावर घेतला की मामांनी रव्यावर केलेलं कार्य २९४ × १.४, म्हणजे सुमारे ४१२ ज्यूल. मग ते एका चालीनं ५० मीटर चालले. खांदा रव्याला वर ढकलतोय, रवा आडवा सरकतोय. वरच्या दिशेनं तो सरकलाच नाही, म्हणून खांद्याच्या आधाराचं कार्य शून्य. (चालायला सुरुवात करताना थोडं धन आणि थांबताना तितकंच ऋण कार्य होतं, ते एकमेकांत फिटतं.) पोराचं बरोबर होतं ते एवढंच.

पायरी २: वही कोणाची ते आधी लिहा

ही पायरी मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण पुस्तकं ती एका ओळीत उरकतात आणि पुढं सगळी गणितं इथंच घसरतात.

अडत्याच्या पेढीवर प्रत्येकाचं खातं वेगळं असतं. शेतकऱ्याच्या खात्यावर जमा ते व्यापाऱ्याच्या खात्यावर नावे. ऊर्जेचंही तसंच. गणित वाचल्यावर पहिली ओळ सूत्राची नको, "खातं कोणाचं?" ही हवी. रव्याचं? मामांच्या शरीराचं? की रवा आणि पृथ्वी मिळून एक खातं?

रव्याचं खातं उघडलं तर चालताना त्यात काहीच जमा होत नाही. मामांच्या शरीराचं उघडलं तर चित्र पालटतं. ओझं नुसतं धरून उभं राहिलं तरी स्नायूंतले तंतू सतत आखडत-सुटत असतात. त्यासाठी खाल्लेल्या भाकरीतली रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणून घाम येतो. भिंतीतल्या खुंटीला तोच रवा टांगला तर खुंटीला घाम येत नाही, कारण तिला काही आखडावं लागत नाही. मामांच्या शरीराचा खर्च खरा आहे, फक्त तो रव्याच्या खात्यावर चढत नाही.

शाळेत असताना याच प्रश्नावर मी "हमाल कार्य करतो" असं लिहिलं होतं आणि मला भोपळा मिळाला होता. कारण कोणी सांगितलं नाही. कार्य कोणावर, हे विचारलंच नव्हतं, तर उत्तर चूक कसं, हा माझा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा सवय लावा. "कार्य" हा शब्द एकटा लिहायचा नाही. "अमक्यानं तमक्यावर केलेलं कार्य" असं पूर्ण लिहायचं. हात दुखतो, पण निम्म्या चुका इथंच गळून पडतात.

पायरी ३: धन, ऋण, शून्य

बल आणि सरकणं एकाच दिशेला असेल तर कार्य धन, उलट दिशेला असेल तर ऋण, काटकोनात असेल तर शून्य. मामांनी रवा खांद्यावरून हळू खाली ठेवला तर हाताचं बल वर, सरकणं खाली, म्हणजे उणे ४१२ ज्यूल. जमिनीवरून उचलून जमिनीवरच ठेवला तर मामांनी रव्यावर केलेलं एकूण कार्य शून्य. हे त्यांना सांगायची हिंमत मात्र माझ्यात नाही.

ब्रेक आणि घर्षण ही ऋण कार्याची नेहमीची गिऱ्हाइकं. पण घर्षण म्हणजे कायम ऋणच असं पाठ करू नका. ट्रक सुटताना हौद्यातला रवा ट्रकबरोबर पुढं जातो तो घर्षणामुळंच, आणि तिथं घर्षणाचं रव्यावरचं कार्य धन असतं.

बल तिरकं असेल तर त्याचा सरकण्याच्या दिशेतला भाग तेवढा घ्यायचा. स्टेशनवर चाकांची बॅग पट्ट्यानं ओढताय, पट्टा जमिनीशी ६० अंशांवर आहे आणि ताण १०० न्यूटन आहे, तर पुढं ओढणारं बल निम्मं, म्हणजे ५० न्यूटन. २० मीटरला १००० ज्यूल. पट्टा लांब करून कोन कमी केला की बॅग हलकी का वाटते, तेही यातच आलं.

पायरी ४: वेगाचं खातं

वस्तूवर सगळ्या बलांनी मिळून केलेलं कार्य तिच्या गतिज ऊर्जेत जमा होतं. गतिज ऊर्जा = अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग. सूत्रातला धोका त्या वर्गात आहे.

स्कूटर आणि दोन माणसं मिळून १८० किलो धरा. ताशी ४० किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला ११.१ मीटरला, गतिज ऊर्जा सुमारे ११,१०० ज्यूल. ताशी ८० ला २२,२०० नव्हे, तर ४४,४०० ज्यूल. ब्रेकला हे सगळं ऋण कार्य करून फेडायचं असतं. कोरड्या चांगल्या रस्त्यावर टायरची पकड वजनाच्या सुमारे सात दशांश धरली, तर ४० च्या वेगात गाडी थांबायला ९ मीटर लागतात आणि ८० च्या वेगात ३६ मीटर. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत जाणारं अंतर यात धरलेलंच नाही. महामार्गावर पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून जाणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा स्वतःच्या हातानं करावा.

उलट बाजूही बघण्यासारखी आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेस चालताना उभं राहून बघा. मोटर लहान असते, पण बाजूचं फ्लायव्हील जड. मोटर त्यात सावकाश ऊर्जा भरत राहते आणि पत्र्यावर ठोका पडताना ती क्षणात काढून घेतली जाते. प्रत्येक ठोक्याला चाक किंचित मंदावतं आणि पुन्हा वेग घेतं. कान देऊन ऐकलं तर मोटरच्या आवाजातही ते कळतं.

पायरी ५: उंचीचं खातं

उंचावर नेलेल्या वस्तूची स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × ९.८ × उंची. उंची कुठून मोजायची? कुठूनही. पन्हाळा समुद्रसपाटीपासून मोजा नाहीतर गडाखालच्या सपाटीपासून, गणितात फक्त फरक लागतो. शून्य एकदा ठरवलं की मध्येच बदलायचं नाही, एवढीच अट.

दुसरी गोष्ट, वाट कोणती हे गुरुत्वाकर्षण विचारत नाही. घाटाच्या वळणावळणाच्या रस्त्यानं एसटीतून वर गेलात किंवा पायवाटेनं छाती फुटेपर्यंत चढलात, उंची तीच तर गुरुत्वाच्या खात्यातला आकडा तोच. घर्षणाचं तसं नाही. वाट लांबली की त्याचा हिशेब वाढतो.

पायरी ६: आता सगळी खाती जुळवा

पन्हाळा भोवतालच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. तीच १८० किलोची स्कूटर वरून खाली येते. स्थितिज ऊर्जेतली घट १८० × ९.८ × ४००, म्हणजे ७,०५,६०० ज्यूल. ही सगळी गतिज ऊर्जेत गेली असती तर पायथ्याला वेग किती? वस्तुमान दोन्हीकडून कटतं, आणि उत्तर येतं सेकंदाला ८८.५ मीटर, ताशी सुमारे ३१९ किलोमीटर. प्रत्यक्षात आपण तीस-चाळीसच्या वेगानं खाली पोचतो. म्हणजे सात लाखांपैकी जेमतेम अकरा हजार गतीच्या खात्यात दिसतात. बाकीचे गेले कुठं?

ब्रेकच्या ड्रमात, टायरात, इंजिनात आणि हवेत, उष्णता होऊन. सात लाख ज्यूल म्हणजे २५ अंशांचं सव्वादोन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता. म्हणूनच जाणते लोक उतारावर खालचा गिअर टाकतात. उतरताना इंजिनही ऋण कार्यात वाटा उचलतं आणि सगळा भार ब्रेकवर येत नाही. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकून, इंजिन बंद करून घाट उतरणारे हा वाटेकरीच काढून टाकतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर धरेनासा होतो.

आता नियम सांगायला हरकत नाही: खात्याची हद्द बंद ठेवली, तर एकूण ऊर्जा कमी होत नाही आणि वाढत नाही, ती फक्त रूप बदलते. पाठ्यपुस्तक याला ऊर्जा अक्षय्यतेचा नियम म्हणतं. पाठ करायला हे दहा सेकंदांचं काम. पण माणसाला ते पटायला फार वेळ लागला, कारण घर्षणात गेलेली ऊर्जा डोळ्यांना दिसत नाही. मायर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८४२ मध्ये उष्णता आणि कार्य एकाच नाण्यात मोजता येतात असं मांडलं. घरच्या बिअरच्या कारखान्यात वाढलेल्या जेम्स ज्यूलनं ते मोजून दाखवलं. त्याचा १८४५ चा प्रयोग साधा होता: वजनं खाली उतरताना पाण्यातली पाती फिरवतात, पाणी घुसळलं जातं आणि तापतं. वजनांची उंची किती घटली आणि पारा किती चढला, दोन्ही मोजायचं. १८४७ मध्ये हेल्महोल्ट्झनं हा नियम सगळ्या भौतिकशास्त्राला लावून दाखवला.

ज्यूलला किती बारीक मोजावं लागलं असेल याचा अंदाज हवा? एक किलो पाणी एका अंशानं तापवायला आजच्या मोजमापानं सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. पावसाळ्यात राधानगरीकडच्या राऊतवाडीच्या धबधब्याखाली उभं राहिलात तर पाणी थंडच लागेल. १०० मीटर उंचीवरून पाणी पडलं आणि सगळी ऊर्जा त्यातच राहिली, तरी ते पाव अंशानंसुद्धा तापत नाही.

यातून एक गोष्ट हाताशी येते: उष्णतेचे आकडे उचल-ठेवीच्या आकड्यांपेक्षा फार मोठे असतात. गुऱ्हाळावर काहिलीतून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतून, एक किलो पाणी वाफ होऊन जायला सुमारे २२.६ लाख ज्यूल लागतात. तेवढ्यात एक टन माल २३० मीटर उंच चढवता आला असता. काहिलीखालच्या चुलवाणात दिवसभर उसाची चिपाडं का कोंबावी लागतात, ते इथं कळतं.

पायरी ७: घरात करून बघा

रबरी चेंडू एक मीटरवरून फरशीवर सोडा, ढकलू नका. मागं भिंतीवर पट्टीनं खुणा करा आणि मोबाइलवर चित्रण करून चेंडू किती वर आला ते बघा. ६५ सेंटिमीटर आला तर आपटण्यात ३५ टक्के ऊर्जा उष्णता आणि आवाजात गेली. चेंडूचं वजन माहीत नसलं तरी चालतं, कारण ते दोन्ही बाजूंना सारखंच आहे. पुढच्या उडीला किती येईल ते आधी वहीत लिहा: ६५ चे ६५ टक्के, म्हणजे ४२ च्या आसपास. मग मोजा. हाच प्रयोग गादीवर, ओल्या मातीवर करा. मुलांना मी सूत्राआधी हा करायला देतो.

शक्ती म्हणजे काय, हे दोन वाक्यांत: एका सेकंदात किती ज्यूल. सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट, आणि एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट.

पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येते तेव्हा आपण सगळे पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे किती सरकली ते बघतो. बातमीतला दुसरा आकडाही बघत जा: एका दरवाजातून १४२८ क्युसेक. म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी. ते प्रत्येक मीटर खाली पडताना सेकंदाला जवळजवळ चार लाख ज्यूल देतं, म्हणजे सुमारे ५३० अश्वशक्ती, तेही एका दरवाजाला आणि एका मीटरला. ते दरवाजे उघडायला विजेची मोटर लागत नाही. पाणी चढलं की त्याच्याच दाबानं ते उघडतात.

मग "वीज वाचवा" कशाला?

हा प्रश्न दरवर्षी एखादं पोरगं विचारतंच, आणि ज्या वर्षी कोणी विचारत नाही त्या वर्षी मला माझ्या शिकवण्याची शंका येते. ऊर्जा संपतच नसेल तर वाचवायचं काय?

एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्यातून मोटर फिरते, दिवा लागतो, पाणी तापतं. पण खोलीभर पसरलेल्या कोमट हवेतून ते ३६ लाख पुन्हा गोळा करून मोटर फिरवता येत नाही. आकडा तोच राहतो, पण कामाला येणं कमी होतं. म्हणूनच "ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता" ही व्याख्या मला फारशी आवडत नाही. परीक्षेत तीच लिहा, पण सगळ्या उष्णतेचं कार्य करता येत नाही हे मनात असू द्या.

घरच्या बिलाला लावून बघा. १००० लिटरची टाकी १० मीटर वर भरायला पाण्याला लागतात ९८,००० ज्यूल, म्हणजे एका युनिटात हिशेबानं ३६ टाक्या. मोटर आणि पाइपमध्ये निम्मी ऊर्जा गेली तरी १८. आणि अंघोळीची २० लिटरची बादली २५ वरून ४५ अंशांवर न्यायला १६.७ लाख ज्यूल, जवळपास अर्धा युनिट. घरात भांडण असतं "मोटर किती वेळ चालू ठेवलीस" यावर, आणि बिल वाढवत असतो गिझर.

सोडवून बघायला तीन

पहिलं. ७० किलोचा पैलवान एका बैठकेत शरीर अर्धा मीटर वर उचलतो असं धरा. १०० बैठकांत वर येतानाचं कार्य किती? ३४,३०० ज्यूल, म्हणजे आहाराच्या भाषेत जेमतेम आठ कॅलरी. खाल्लेल्या ऊर्जेपैकी स्नायू फार तर चौथा-पाचवा हिस्साच कार्यात बदलतात, म्हणून शरीराचा खर्च चार-पाच पट, पस्तीस-चाळीस कॅलरी, आणि खाली जातानाचा वेगळा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचा पाव लिटर म्हशीच्या दुधाचा ग्लास अडीचशे कॅलरीच्या आसपास. जोर-बैठका हजारांत का मारत, ते बघा.

दुसरं. ६० किलोची मुलगी पायवाटेनं पन्हाळा चढली आणि तिचा तितक्याच वजनाचा भाऊ एसटीनं गेला. दोघांच्या स्थितिज ऊर्जेत किती फरक पडला? दोघांच्याही २,३५,२०० ज्यूलची वाढ. ती कोणाच्या खात्यातून आली, ते तुम्ही लिहा.

तिसरं. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात एका पैलवानानं ८० किलोचा जोडीदार एक मीटर उचलला, क्षणभर तोलून धरला आणि मातीत टाकला. उचलताना कार्य ७८४ ज्यूल, तोलून धरताना शून्य, मातीला लागतानाचा वेग सेकंदाला ४.४ मीटर. आता ते ७८४ ज्यूल मातीनं ऋण कार्य करून संपवायचे. घट्ट माती २ सेंटिमीटर दबली तर सरासरी बल ७८४ ÷ ०.०२, म्हणजे ३९,२०० न्यूटन. भुसभुशीत माती १० सेंटिमीटर दबली तर ७,८४० न्यूटन. (दबतानाचं स्वतःचं वजन आणि अंगाचं दबणं इथं सोडलंय. अकरावीच्या मुलांनी ते धरून पुन्हा करावं.) कुस्तीआधी हौदा फावड्यानं उकरून घेतात तो याच पाच पटींसाठी.